सॉफ्टवेअर सांभाळण्याचं करिअर

संगणक शाखेत प्रवेश घेतलेल्या मुलांना पहिल्या वर्षापासून एकच सांगितलं जातं: काहीतरी नवं बनवा. ॲप करा, वेबसाइट करा, प्रोजेक्ट दाखवा. तयार असलेलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालू ठेवणं, वेळेवर अद्ययावत करणं, त्यातल्या चुका शोधून दुरुस्त करणं हे अभ्यासक्रमात जवळपास येतच नाही. उद्योगाला मात्र माणसं कमी पडतात ती इथेच. म्हणून बारावी, डिप्लोमा किंवा बीसीएस करणाऱ्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी पॅकेज मेंटेनरच्या कामाकडे गांभीर्याने पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

लिनक्स किंवा फ्रीबीएसडीसारख्या प्रणालीवर एखादं सॉफ्टवेअर हवं असेल, तर एक कमांड दिली की ते उतरतं आणि चालू होतं. ते इतकं सहज होतं, कारण मूळ लेखकाचा कोड घेऊन, तो त्या प्रणालीत बसवून, तपासून कोणीतरी आधीच तयार ठेवलेला असतो. त्या तयार संचाला पॅकेज म्हणतात आणि तो सांभाळणाऱ्याला मेंटेनर. इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला डेबियन हा प्रकल्प याचं उत्तम उदाहरण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या तेराव्या आवृत्तीत सुमारे ७० हजार पॅकेजेस आहेत आणि अधिकृत डेव्हलपर आहेत साधारण एक हजार. कामाच्या मानाने माणसं किती थोडी आहेत, ते यावरून कळेल.

प्रत्यक्ष काम कसं चालतं? समजा, एखाद्या लायब्ररीची, म्हणजे इतर सॉफ्टवेअर वापरतात अशा सामायिक कोडची, नवी आवृत्ती आली. मेंटेनर तिचा सोर्स कोड उतरवतो आणि मूळ लेखकाची डिजिटल सही जुळते का ते बघतो. नव्या फाइलींचा परवाना वाचतो, कारण मुक्त परवान्यात न बसणारी एक फाइलसुद्धा चालत नाही. जुने पॅच, म्हणजे मूळ कोडमध्ये केलेले छोटे बदल, नव्या कोडवर लागतात का, हे तपासतो. मग कोऱ्या वातावरणात बिल्ड (कोडपासून चालणारं सॉफ्टवेअर तयार करणं), चाचण्या आणि चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, स्पष्ट नोंद. लायब्ररीचा इंटरफेस बदलला असेल, तर तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बिल्ड करावी लागतात. त्यासाठी इतर मेंटेनरांशी बोलून वेळ ठरवावी लागते. पॅकेज आधी ‘अनस्टेबल’ शाखेत जातं, काही दिवस गंभीर तक्रार आली नाही तर ‘टेस्टिंग’मध्ये सरकतं, आणि साधारण दोन वर्षांनी ‘स्टेबल’ आवृत्ती निघते.

खरा कस लागतो तो त्यानंतर. स्टेबलमध्ये नवी आवृत्ती सहसा घालत नाहीत. सुरक्षेची त्रुटी सापडली की तेवढीच दुरुस्ती जुन्या कोडमध्ये बेतून बसवायची, बाकी काही हलू द्यायचं नाही. दुसऱ्याने लिहिलेला, दोन-चार वर्षं जुना कोड समजून घेतल्याशिवाय हे जमत नाही. कॉलेजात कोड लिहायला शिकवतात. वाचायला मात्र तुम्हाला इथेच शिकायला मिळेल.

हे काम किती जबाबदारीचं आहे, हे दोन घटनांवरून समजतं. २००६ मध्ये गुप्त किल्ल्या तयार करणाऱ्या ओपनएसएसएलच्या डेबियनमधल्या पॅकेजमध्ये एक छोटा बदल झाला. तपासणीचं एक साधन इशारा देत होतं, म्हणून कोडच्या दोन ओळी काढल्या गेल्या. त्या ओळींवरच गुप्त किल्ल्यांचा यादृच्छिकपणा अवलंबून होता. परिणामी दर प्रकारात जेमतेम ३२ हजारांच्या आसपासच वेगवेगळ्या किल्ल्या तयार होऊ शकत होत्या, म्हणजे त्या शोधून काढणं सहज शक्य होतं. ही गोष्ट उघड व्हायला मे २००८ उजाडलं. इशारा का येतोय हे समजल्याशिवाय तो बंद करू नये, ही या क्षेत्रातली पहिली शिस्त आहे.

दुसरी घटना २९ मार्च २०२४ ची. अँड्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणारे अभियंते डेबियन अनस्टेबलवर चाचण्या घेत होते. दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी ते तसंच सोडलं नाही. शोध घेतल्यावर कळलं की एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साध्या सॉफ्टवेअरच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट घुसवलेली आहे. मूळ मेंटेनर एकटा आणि थकलेला. मदतीच्या नावाखाली आलेल्या कुणीतरी दोनेक वर्षं त्याचा विश्वास कमावून हे केलं होतं. कोट्यवधी सर्व्हरवर पोहोचण्याआधी हे थांबलं. अर्ध्या सेकंदाने अस्वस्थ होणारी माणसं जगाला हवी आहेत, आणि तुमच्या घरात असं चौकस मूल असेल तर त्याचा हा गुण जपा.

आता पालकांचा रास्त प्रश्न: पगार कोण देणार? डेबियन देत नाही. बहुतेक मेंटेनर स्वयंसेवक आहेत, हे आधीच समजून घ्या. पगार मिळतो तो या कौशल्याला. रेड हॅटचं पुण्यात मोठं कार्यालय आहे. सूझे, कॅनॉनिकल यांच्यासारख्या कंपन्यांचा व्यवसायच या कामावर उभा आहे. राउटर, वैद्यकीय उपकरणं, गाड्यांमधली संगणक यंत्रणा बनवणाऱ्या कंपन्यांनाही बिल्ड, रिलीज आणि सुरक्षा सांभाळणारे अभियंते लागतात. युरोपीय संघाचा सायबर रेझिलियन्स कायदा डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. तिथे माल विकायचा तर उत्पादनात कोणते सॉफ्टवेअर घटक आहेत याची यादी ठेवावी लागेल आणि सुरक्षेचे अपडेट द्यावे लागतील. भारतातून तिथे निर्यात करणाऱ्यांनाही हे लागू असेल. शिकत असताना गूगल समर ऑफ कोड किंवा आउटरीची यांसारख्या उपक्रमांतून मानधन मिळू शकतं. स्पर्धा मात्र कडक असते.

आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो. तुम्ही पाठवलेला प्रत्येक पॅच, त्यावरची चर्चा, तुमची झालेली चूक आणि ती कशी सुधारली, हे सगळं उघड नोंदलेलं राहतं. मुलाखत घेणाऱ्याला ते वाचता येतं. मोठ्या शहरातल्या नामांकित कॉलेजात प्रवेश न मिळालेल्या परभणीच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला याहून चांगली ओळखपत्रं कुठे मिळणार?

इंग्रजीची भीती बाळगू नका. इथे व्यवहार बहुतांश लिहून चालतो आणि विचार करून उत्तर द्यायला वेळ मिळतो. साधं, नेमकं इंग्रजी लिहिता आलं की पुरतं. मराठी माध्यमाची मुलंही ते सरावाने लिहू लागतात. मराठी येण्याचा तर उपयोगच आहे. लोहित देवनागरीसारख्या फॉन्टच्या पॅकेजमध्ये ‘दुसऱ्या’मधला ऱ्या नीट उमटतो का, मराठी वळणाचे ल आणि श दिसतात का, हे मराठी वाचणाराच पटकन सांगू शकेल.

वेळ किती लागेल? नियमित काम केलं तर नाव व्हायला दोन-तीन वर्षं धरा. आधी बग नोंदवणं, मग पॅच, मग अनुभवी डेव्हलपरच्या देखरेखीखाली पॅकेज, त्यानंतर डेबियन मेंटेनर आणि पुढे डेव्हलपर, असा क्रम असतो. ज्याला दर आठवड्याला काहीतरी नवं, चमकदार दाखवायची ओढ आहे, त्याला हे काम रुचणार नाही. त्याला आग्रह करू नका. आणि ज्याला रुचेल त्याने परीक्षेच्या काळात ‘सध्या वेळ नाही’ असं स्पष्ट कळवायला शिकावं. न सांगता काम सोडून गायब होणं जास्त त्रासाचं ठरतं.

सुरुवातीला महागडा लॅपटॉप नको. घरातल्या जुन्या मशीनवर डेबियन टाका. टर्मिनल, शेल, गिट आणि मेक यांचा सराव करा, थोडी सी भाषा वाचता येऊ द्या. मग ‘हाऊ-कॅन-आय-हेल्प’ नावाचं छोटं पॅकेज बसवा. तुमच्या मशीनवरच्या कोणत्या पॅकेजला आता मेंटेनर उरलेला नाही, कुठे नवशिक्याला जमेल असा बग पडून आहे, याची यादी ते दाखवतं. त्यातलं तुम्ही रोज वापरता असं एक निवडा, त्याचा चेंजलॉग पहिल्या नोंदीपासून वाचा आणि पहिला बग घ्या.