डिझेल इंजिनातील ज्वलनांतर व इंधन-फवाऱ्याची वेळ

डिझेल इंजिनात ठिणगीची योजना नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते. म्हणून फवाऱ्याची वेळ चुकली की ज्वलनाची वेळही चुकते. फवारा लवकर आला तर पिस्टन वर येत असतानाच दाब अवाजवी वाढून ठोके ऐकू येतात व बेअरिंगवर अकारण ताण पडतो. उशिरा आला तर काळा धूर निघतो, इंधन वाया जाते आणि निष्कास-झडपा प्रमाणाबाहेर तापतात. अनेक सिलिंडरांच्या इंजिनात ही वेळ प्रत्येक सिलिंडरासाठी निराळी असल्याने ज्वलनांतराची कल्पना स्पष्ट असणे आवश्यक आहे.

मूळ हिशेब

एका सिलिंडरातील ज्वलनापासून क्रमाने पुढच्या सिलिंडरातील ज्वलनापर्यंत क्रँकशाफ्ट जितके अंश फिरतो, त्यास ज्वलनांतर म्हणतात. चार टप्प्यांच्या (फोर-स्ट्रोक) इंजिनात सर्व सिलिंडरांची एक पाळी क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत पुरी होते. दोन टप्प्यांच्या (टू-स्ट्रोक) इंजिनात ती ३६० अंशांतच संपते. या अंशांना सिलिंडरांच्या संख्येने भागले की सरासरी अंतर मिळते. चार सिलिंडरांच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ते १८० अंश येते.

परंतु ही केवळ सरासरी होय. दोन सिलिंडरांच्या एखाद्या फोर-स्ट्रोक इंजिनाचे क्रँक परस्परांविरुद्ध बसविलेले असतील, तर भागाकार ३६० अंश सांगतो. प्रत्यक्षात अंतरे १८० व ५४० अंशांची पडतात. केवळ भागाकारावर विसंबून इंधन-पंप जुळविल्यास दुसऱ्या सिलिंडरात इंधन भलत्याच वेळी पडेल. तेव्हा क्रँकची रचना प्रथम पाहावी, भागाकार नंतर करावा.

हुबळी येथील उदाहरण

या विषयाचा उत्तम नमुना हुबळी येथील रेल्वेच्या डिझेल शेडच्या इतिहासात आढळतो. भारतीय रेल्वेवर पूर्वी अल्को बनावटीच्या आराखड्याची इंजिने सर्वत्र प्रचलित होती. पुण्याच्या शेडमधील कारागीरही त्यांवरच तयार झाले. १९९९ पासून अमेरिकेतील ईएमडी बनावटीची ४,००० अश्वशक्तीची इंजिने देशात आली आणि त्यांच्या देखभालीचे प्रारंभीचे केंद्र हुबळी ठरले.

दोन्ही इंजिनांत १६ सिलिंडर असून ते इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या दोन ओळींत ४५ अंशांच्या कोनात मांडलेले असतात. समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना क्रँकची एकच पिन असते. बाह्यतः साम्य एवढे असले तरी अल्को इंजिन फोर-स्ट्रोक आणि ईएमडी इंजिन टू-स्ट्रोक आहे.

अल्को इंजिनात ७२० भागिले १६, म्हणजे ४५ अंशांचे ज्वलनांतर येते. ते ‘व्ही’च्या कोनाइतकेच असल्याने उजव्या ओळीतील पहिल्या सिलिंडरानंतर लगेच डाव्या ओळीतील पहिल्याची पाळी येते, मग उजवा चौथा, डावा चौथा, असा क्रम चालतो.

ईएमडी इंजिनात ३६० भागिले १६, म्हणजे साडेबावीस अंश येतात. येथे १ व ९ हे सिलिंडर एका पिनेवर आहेत आणि त्यांच्यात ४५ अंशांचेच अंतर आहे. मात्र मधल्या साडेबावीस अंशांवर ८ क्रमांकाचा सिलिंडर पेटतो. क्रमाची सुरुवात १, ८, ९, १६, ३, ६ अशी होते. ‘उजव्यानंतर त्याचा समोरचा जोडीदार’ ही जुन्या इंजिनावर अंगवळणी पडलेली सवय येथे निरुपयोगी ठरते.

आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. फोर-स्ट्रोक इंजिनाचा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून क्रँकवरील ४५ अंश कॅमवर साडेबावीसच भरतात. टू-स्ट्रोक इंजिनात दोहोंचा वेग समान असतो. पुस्तिकेत दिलेले अंश कोणत्या शाफ्टचे, हे न पाहिल्यास चूक दुप्पट किंवा निमपट होते.

जुळणीची रीत

इंजिन चुकूनही सुरू होणार नाही अशी तजवीज प्रथम करावी. नंतर फ्लायव्हीलच्या कडेवरील अंशांच्या खुणा पाहत, ज्या सिलिंडराची जुळणी करावयाची त्याच्या ठरलेल्या अंशावर इंजिन हाताने फिरवून आणावे. ईएमडीच्या यांत्रिक इंजेक्टरात मापकाठी छिद्रात घालून, तिची खांच फॉलोअरच्या माथ्यावरून जेमतेम सरकेल इतका रॉकरचा स्क्रू फिरवितात व लॉक-नट आवळून माप पुन्हा पाहतात. अल्कोमध्ये प्रत्येक सिलिंडराचा स्वतंत्र इंधन-पंप असून त्याच्या खिडकीतील खुणा जुळवाव्या लागतात.

मिनिटाला ९०४ फेऱ्यांच्या वेगात ईएमडी इंजिनाचे साडेबावीस अंश सुमारे ४ सहस्रांश सेकंदात, तर एक अंश एका सहस्रांश सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वेळात सरतो. एवढ्या अल्प अवधीतील चूक चालत्या इंजिनावर डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंजिन थांबलेले असतानाच फेऱ्या, क्रँक, क्रम व अंश या चार गोष्टी याच अनुक्रमाने पडताळून पाहाव्यात.