आर्ट लाइनचा आकडा खरा करून घ्या

चला, बेडजवळ या. ओव्हर घेतलात, पेशंटच्या मनगटातल्या रेडियल आर्टरीत लाइन आहे, नॉरॲडचा पंप चालू आहे आणि मॉनिटरवर लाल अक्षरांत बीपी दिसतोय. पंप वाढवायचा की कमी करायचा, हे रात्रभर याच आकड्यावर ठरणार. तेव्हा आकड्यावर विश्वास टाकण्याआधी तो तपासून घेऊ. लाइन डॉक्टरांनी घातलेलीच आहे. तुमच्या हाती फक्त एवढं घ्या: हातमोजे, स्पिरिट स्वॅब, थ्री-वेची बिनछिद्राची नवी निर्जंतुक टोपी, एक रिकामी निर्जंतुक सिरिंज, बीपीचा कफ आणि मार्कर.

१. पेशंटला हाक मारा. सेडेशनवर असले तरी सांगा, "बाबा, हाताची नळी तपासतेय हं, हात हलवू नका." त्यांचा चेहरा, श्वास, घाम हे सगळं याच क्षणी नजरेखालून जातं.

२. हात धुऊन मोजे घाला.

३. लाइन असलेला हात पांघरुणाबाहेर काढा. हा हात झाकून ठेवायचाच नाही. जोड ढिला झाला तर आर्टरीतून थोड्या मिनिटांत पुष्कळ रक्त जातं, आणि चादरीखाली ते कुणाला दिसत नाही.

४. बोटं बघा. रंग बघा, स्पर्श करून ऊब बघा, नख दाबून सोडा आणि गुलाबी रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघा. मग तेच दुसऱ्या हातावर करा. नॉरॲडमुळे दोन्ही हात गार पडू शकतात, म्हणून तुलना महत्त्वाची. फक्त लाइनचाच हात पांढरा, निळसर किंवा जास्त गार असेल तर इथेच थांबा आणि डॉक्टरांना ताबडतोब बोलवा. पुढच्या पायऱ्या नंतर.

५. लाइनीवर 'आर्टेरियल' असं लाल लेबल आहे का ते बघा. नसेल तर आत्ता लावा. या लाइनीतून कुठलंही औषध जाता कामा नये. शिरेत द्यायचं इंजेक्शन आर्टरीत गेलं तर बोटं, कधी हातसुद्धा गमवावा लागतो.

६. प्रेशर बॅगेतल्या सलाइनचं लेबल वाचा. बॅगेचं कापड आड येत असेल तर ते सरकवून वाचा, अंदाजाने पुढे जाऊ नका. तिथे साधं एनएस हवं, किंवा तुमच्या युनिटची पद्धत असेल तर हेपरिन घातलेलं एनएस. डेक्स्ट्रोज कधीच नको. चुकून डेक्स्ट्रोजची बाटली लागली तर याच लाइनीतून काढलेल्या रक्तात साखर खोटी जास्त दिसते, त्यावर इन्शुलिन वाढवलं जातं आणि पेशंटची खरी साखर धोकादायक खाली जाते. बेशुद्ध माणूस "मला घाम येतोय, भूक लागलीय" असं सांगू शकत नाही. या पायरीला दहा सेकंद लागतात, ती एकाही ड्युटीत गाळू नका.

७. प्रेशर बॅग ३०० मिमीवर आणा. या दाबाला लाइनीतून तासाला साधारण ३ मिली सलाइन सावकाश जात राहतं आणि लाइन उघडी राहते. दाब उतरला की रक्त मागे येतं आणि गुठळी धरते. बाटली रिकामी होत जाते तसा दाबही उतरतो, म्हणून काटा अधूनमधून बघत चला.

८. बाटलीपासून मनगटापर्यंत नळीवरून नजर फिरवा. बुडबुडा, गुठळी, मुरड, कुणी मध्येच जोडलेली साधी एक्स्टेन्शन, असं काहीही असेल तर आकडा बिघडतो. बुडबुडा दिसला तर फ्लश करून पुढे ढकलू नका. जवळच्या थ्री-वेवर सिरिंज लावून तो बाहेर ओढून घ्या.

९. पेशंटला पाठीवर घ्या. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांवर असेल तर तशीच राहू द्या. आकड्यासाठी बेड सपाट करायची गरज नाही, आणि व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला तर उगाच सपाट करूच नये.

१०. छातीवर चौथी फट शोधा. गळ्याच्या खाचेपासून बोट खाली सरकवा, छातीच्या हाडावर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या बाजूला दुसरी बरगडी आहे आणि तिच्या खाली दुसरी फट. तिथून तिसरी, चौथी मोजा.

११. त्याच पातळीवर छातीच्या कडेला या आणि पुढची-मागची बाजू यांच्या बरोबर मध्ये मार्करने फुली करा. पुढच्या ड्युटीवाल्यांनाही हीच फुली वापरता येईल. प्रत्येकाने आपापली जागा धरली तर बीपी बदलला की जागा बदलली, हे कळत नाही.

१२. ट्रान्सड्यूसरजवळच्या थ्री-वेचं हवेकडे उघडणारं तोंड फुलीच्या समोर आणा. गवंडी पाण्याच्या नळीने दोन भिंतींची लेव्हल जुळवतो तितक्या काटेकोरपणे जुळवा, लांबून उभ्याउभ्या नको. डोळे त्या उंचीला आणायला वाकावं लागलं तर वाका. ट्रान्सड्यूसर १० सेंटीमीटर खाली राहिला तर बीपी साधारण ७.५ मिमी जास्त दिसेल, तितकाच वर राहिला तर तेवढा कमी. मीन ५८ असलेला पेशंट ६५ चा दिसायला एवढं पुरतं.

१३. शेजारच्या सहकाऱ्याला सांगा, "झीरो करतेय, पंपाला हात लावू नका." पुढची दोन मिनिटं मॉनिटरवरचा आकडा पेशंटचा नाही.

१४. थ्री-वे पेशंटच्या बाजूला बंद करा. कुठल्या थ्री-वेची दांडी बंद वाट दाखवते, कुठल्याची उघडी, ते आधी बघून घ्या. उलटं फिरलं तर टोपी काढताच रक्त उडेल.

१५. टोपी काढून टाका. ती परत वापरायची नाही.

१६. मॉनिटरवर झीरो दाबा.

१७. आकडा ० आणि रेघ सपाट होईपर्यंत थांबा. ० येतच नसेल तर केबलचा जोड बघा. तरीही नाही, तर ट्रान्सड्यूसर बदलावा लागेल.

१८. तोंड स्वॅबने पुसून नवी टोपी लावा. छिद्राची टोपी राहिली तर तिथून हवा आणि जंतू आत जातात, रक्तही झिरपतं.

१९. थ्री-वे पेशंटकडे उघडा. लाटा परत दिसायला हव्यात. नाही दिसल्या, तर आधी नाडी हाताने बघा, मग थ्री-वे.

२०. फ्लशची शेपटी ओढून लगेच सोडा. एक-दोन सेकंद पुरेत. जोरात, लांबलचक फ्लश केल्यास बुडबुडा किंवा गुठळी उलट दिशेने मेंदूकडे जाऊ शकते.

२१. पडद्यावरचा आकार वाचा. रेघ सरळ वर जाते, चौकोन काढते, खाली येते. त्यानंतर एक-दोन हेलकावे घेऊन नेहमीच्या लाटा सुरू झाल्या तर उत्तम! एकही हेलकावा नाही, लाटा बुटक्या आणि गोलसर, म्हणजे लाइन डॅम्प झालीय. वरचा बीपी खोटा कमी दिसेल, खालचा खोटा जास्त. बुडबुडा, गुठळी, मुरडलेलं मनगट, उतरलेला दाब, या क्रमाने शोधा. सिरिंजने रक्त मागे येतं का बघा. येत नसेल तर जबरदस्तीने पुढे ढकलू नका, डॉक्टरांना सांगा. उलट, हेलकावे बराच वेळ चालले आणि लाटांची टोकं सुईसारखी असतील तर वरचा बीपी खोटा जास्त आहे. नळी फार लांब नाही ना, ते बघा. दोन्ही बाबतींत मीनच त्यातल्या त्यात भरवशाचा, म्हणून नजर मीनवर ठेवायची सवय लावा.

२२. दुसऱ्या हाताला कफ लावून एकदा बीपी घ्या. मीनची मीनशी तुलना करा, वरच्या आकड्याची नको. दोन्हींत थोडा फरक असतोच. मोठा असेल तर ८ व्या पायरीपासून पुन्हा या.

२३. अलार्मच्या मर्यादा या पेशंटसाठी लावा. सेप्टिक शॉकमध्ये मीन सहसा ६५ च्या वर ठेवतात, पण डॉक्टरांनी लिहिलेला आकडा वाचून तोच धरा. अलार्म बंद करून ठेवायचा नाही.

२४. चार्टवर वेळ, मीन, कफचा आकडा, नॉरॲडचा डोस आणि बोटांचा रंग लिहा.

कूस बदलली, बेड वरखाली केला, पेशंट सीटी स्कॅनहून परत आला, की १२ वी पायरी पुन्हा. केबल निघाली, ट्रान्सड्यूसर बदलला, आकडा पेशंटशी जुळेनासा झाला, की १२ पासून २२ पर्यंत सगळं पुन्हा. बोटं मात्र तासातासाला बघायची, त्याला वेगळं कारण लागत नाही.