आधी दाराची चिठ्ठी वाच, मग ट्रेलर बघ

अरे, टॅकोमा पिकअप घेतलीस, आता उन्हाळ्यासाठी कॅम्पिंगचा ट्रेलरही घ्यायचा म्हणतोस, तर विक्रेत्याकडे जाण्याआधी एवढं कर. ड्रायव्हरचं दार उघड आणि चौकटीवर चिकटवलेली पिवळी-पांढरी चिठ्ठी वाच. माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये, असं तिथे छापलेलं असतं. तो तुझा पेलोड. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांतही तो वेगळा असतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा आकडा धरू नकोस.

जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असतो तो ओढण्याचा आकडा. टॅकोमाचा साडेसहा हजारांच्या आसपास, रेंजरचा साडेसात हजार, रिजलाइनचा पाच हजार पाउंड. तो आकडा खोटा नाही. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमचा लांब चढ भर उन्हाळ्यात चढण्याची कसोटी त्यामागे असते. पण तो काढताना गाडीत दीडशे पाउंडांची दोनच माणसं धरतात आणि मागचा हौदा जवळपास रिकामा असतो. तुमचं चौघांचं कुटुंब, सायकली, कूलर, कुत्रा यांचा हिशेब त्यात नाही. मिडसाइझ पिकअपमध्ये बहुतेक वेळा ओढण्याची ताकद शिल्लक असते आणि पेलोड संपलेला असतो.

कसा संपतो ते बघ. ट्रेलरच्या भरलेल्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचच्या, म्हणजे ट्रेलर जोडायच्या सांध्याच्या, गोळ्यावर, म्हणजेच तुझ्या गाडीच्या अंगावर बसतो. समज, चिठ्ठीवर १,१५० पाउंड आहेत. तुम्ही दोघं ३२०, मुलं १३०, उरले ७००. ट्रेलर भरून ४,७०० पाउंड झाला तर त्याचे १३ टक्के म्हणजे ६११. भार वाटून देणाऱ्या वेट डिस्ट्रिब्यूशन हिचचे स्वतःचे ८० धर. झाले ६९१. आता हौद्यात लाकडाची एक मोळीसुद्धा टाकता येणार नाही. आणि ही हिच पुढच्या चाकांवरचा कमी झालेला भार परत आणते, गाडी सरळ ठेवते, म्हणून ती जरूर घे. पण तिच्यामुळे चिठ्ठीवरचा आकडा वाढत नाही. कुणी वाढतो म्हणालं तर ऐकू नकोस.

विक्रेता तुला ट्रेलरचं कोरडं वजन सांगेल. ते वजन रस्त्यावर कधीच नसतं. पाण्याचा एक गॅलन ८.३ पाउंडांचा, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की अडीचशे पाउंड. भरलेला प्रोपेनचा सिलिंडर ३७ पाउंडांच्या घरात. त्यावर बॅटरी, भांडी, अंथरुणं, खुर्च्या, आणि आपल्या माणसांचा कुकर, पोळपाट, पिठाचे डबे आलेच. म्हणून कोरड्या वजनाकडे बघूच नकोस. ट्रेलरच्या पाटीवर जीव्हीडब्ल्यूआर असतं, जास्तीत जास्त भरलेलं वजन. तेच खरं धरून गणित मांड. तुमच्यासारख्या कुटुंबाला या गाडीमागे ते साडेतीन हजार पाउंडांच्या आसपास असलेला ट्रेलर शोभेल. मिनेसोटात बनणारा स्कॅम्प, टेक्ससमध्ये बनणारा कसीटा असे फायबरग्लासचे गोलसर ट्रेलर त्यासाठी आधी बघ. मुलांना बंक बेड हवेत हे मला कळतं, पण अंगापेक्षा बोंगा नको. उंच, चौकोनी ट्रेलर वजनाने चालला तरी वाऱ्याला आडवा येतो. वायोमिंगमधल्या आय-८० महामार्गावर ते अनुभवशील. गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलरच्या पुढच्या बाजूचं क्षेत्रफळ किती चालेल हेही दिलेलं असतं. ते पान कुणी उघडत नाही, तू उघड.

सामान भरताना जड वस्तू ॲक्सलच्या किंचित पुढे ठेव. हिचवरचा भार हलका राहिला की ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो, आणि मोठा ट्रक शेजारून गेला की ते डोलणं वाढतं. तसं झालंच तर गाडीचा ब्रेक दाबू नकोस, स्टिअरिंग घट्ट सरळ धर, ॲक्सिलरेटर सोड आणि ब्रेक कंट्रोलरच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळू लाव. कंट्रोलर चांगला बसवून घे, यात पैसे वाचवायचे नाहीत. साखळ्या ट्रेलरच्या मानेखालून फुलीत अडकव. ट्रेलर सुटल्यावर त्याचे ब्रेक लावणारी तार मात्र साखळीला नव्हे, गाडीच्या पक्क्या भागाला अडकव.

डोंगरात जायचं तर, डेन्व्हरहून आय-७० ने वर निघालास की आयझनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के जोर गमावतं, त्यामुळे चढावर उजवी लेन धर आणि मागच्यांच्या हॉर्नकडे लक्ष देऊ नकोस. मला खरी काळजी उताराची वाटते. उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाक, इंजिनाला गाडी रोखू दे. ब्रेकवर पाय ठेवूनच उतरलास तर ते तापून निकामी होतात.

पहिल्या सहलीआधी सगळं भरून, सगळ्यांना बसवून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल या वजनकाट्यावर जा. पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलर यांची वेगवेगळी वजनं छापून मिळतात, थोडक्या पैशांत. मग ट्रेलर सोडून एकट्या पिकअपचं वजन कर. दोन्ही पावत्यांतल्या पिकअपच्या वजनांतला फरक हा ट्रेलरमुळे तुझ्या गाडीवर आलेला भार, अंदाज नव्हे. तो जास्त निघाला तर सामान घरी ठेव. ट्रेलर जुना घेणार असशील तर टायरवरचे शेवटचे चार आकडे वाच. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही कोरी दिसो, एवढे जुने टायर बदलूनच घरी आण. आणि निघाल्यावर ५० मैलांनी थांबून चाकांचे नट पुन्हा आवळ.