खर्जाची पेटी

चतुर्थीच्या आरतीत घुमट वाजविणाऱ्याचा डावा हात पाहावा. उजवा हात कातड्यावर थाप देतो; डावा मातीच्या भांड्याचे मागील लहान तोंड उघडतो, झाकतो, आणि तेवढ्यानेच नादाचे गांभीर्य बदलते. कातडे तेच, थापही तीच. भेद आतल्या हवेचा. सबवूफरची, म्हणजे खर्जाच्या ध्वनिक्षेपकाची, पेटी घरी बनवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने पहिला धडा येथेच घ्यावा असे आम्हांस वाटते.

पेटीवाचून ध्वनिक्षेपक वाजविल्यास खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. शंकू पुढे सरकताना पुढची हवा दाबली जाते, त्याच क्षणी मागची विरळ होते. 40 हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे साडेआठ मीटर. तिच्यापुढे वीतभर शंकूची कड ती काय! पुढचा दाब कडेने वळून मागची पोकळी भरून काढतो. मागची बाजू बंद केली की हे थांबते, परंतु मग शंकूचे अर्धे श्रम पेटीतच जिरतात. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे अल्बर्ट थुरास यांनी मागच्या हवेला नळीवाटे बाहेर वाट दिली; त्या रचनेस 1932 मध्ये पेटंट मिळाले. पेटीतील हवा स्प्रिंगसारखी, नळीतील हवा वजनासारखी. दोहोंच्या मेळाने एका ठराविक कंपनसंख्येला अनुनाद होतो, आणि मागची लाट पुढच्या लाटेला साथ देत बाहेर पडते. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी 1961 मध्ये ह्या पेटीचे गणित व्यवस्थित मांडले.

उदाहरणादाखल आतून 60 × 40 × 27 सें.मी. मापाची पेटी घेऊ. ध्वनिक्षेपक, नळी व आधारपट्ट्या यांची जागा वजा जाता सुमारे 60 लिटर हवा उरते. 10 सें.मी. व्यासाची, 17 सें.मी. लांबीची पीव्हीसी नळी बसविल्यास अनुनाद 40 हर्ट्झच्या आसपास येतो. आपला ध्वनिक्षेपक ह्या मापास योग्य आहे की नाही, हे त्याच्या माहितीपत्रकावरून आधी ताडून पाहावे. फळी 18 मि.मी. प्लायवुडची असावी, पातळ फळी स्वतःच गाऊ लागते!

पुष्कळांचा भर वॅटवर असतो. वीज दुप्पट केली तरी वाढ तीन डेसिबेलचीच. उलट एक सप्तक खाली तितकाच आवाज हवा, तर शंकूला चौपट हालावे लागते. वेष्टनावर छापलेल्या वॅटच्या आकड्यांवर आमचा तर मुळीच विश्वास नाही.

आता परीक्षा. खर्ज भिंती ओलांडतो, तेव्हा ती दिवसाच करावी. मंद आवाजात स्वर चालू ठेवून सांध्यांपाशी पेटती उदबत्ती फिरवावी. धूर थरथरला तर तेथून हवा गळते. मग ध्वनिक्षेपकाच्या तारेत 1000 ओहमचा रोधक जोडून, स्वर 100 हर्ट्झपासून हळूहळू 15 पर्यंत उतरवीत ध्वनिक्षेपकाच्या दोन टोकांमधील विद्युद्दाब मल्टिमीटरने मोजावा व आलेख काढावा. बंद पेटीचा आलेख एकच शिखर दाखवितो. नळीच्या पेटीचा दोन. त्या दोहोंमधील दरी जेथे येईल, तोच पेटीचा खरा अनुनाद. तो 40 हून वर आला तर नळी थोडी लांब करावी, खाली आला तर कापावी.

रोधक काढून त्याच स्वरावर शंकूला बोट लावून पाहावे: तो जेमतेम हालतो, आणि नळीच्या तोंडाशी मात्र वारा सुटलेला असतो. त्याखाली नळी हे नुसते भोक ठरते. शंकूला हवेचा टेकू उरत नाही. 25 हर्ट्झवर आवाज चढविल्यास तो इतका हेलकावतो की आतील वेटोळे तळाशी ठक्कन आपटते. तो ठोका ऐकू येताच आवाज उतरवावा.