म्हातारपण आणि चालणे

परवा कीर्तन आटोपल्यावर एका शास्त्रीबुवांनी आम्हांस अडविले. म्हणाले, "वाग्भटाने वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला, अन् तुम्ही म्हाताऱ्यांना चाला म्हणता?" अष्टांगहृदयात तसे आहे खरे. पण तिथे व्यायाम म्हणजे देहास आयास देणारे कर्म. देहाला पीडा न देणारे चालणे, म्हणजे चंक्रमण, सुश्रुताने वेगळे काढले, आणि त्याने आयुष्य, बल, मेधा व अग्नी वाढतो असे सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली ६५ वर्षांपुढील माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम हालचाल आणि तोल सांभाळण्याचा सराव सांगितला.

आपल्या बीड जिल्ह्यातच पाहा ना. शेगावची पालखी परळीहून अंबाजोगाईस निघते, तेव्हा सत्तरीचे वारकरी बालाघाटाचा चढ चढतात. तोंडावर शीण असतो, कुरकुर नसते. आपल्या पायांनी आलो, अन् मागे राहिलो तर दिंडीतले कुणी थांबेल, एवढ्यावर ते तृप्त असतात. तेच म्हातारे घरी ओसरीवर बसले की दिवस जाता जात नाही.

मात्र आमच्याच भागातली म्हातारी लेकासुनेबरोबर ऊसतोडीला जाते, डोक्यावर मोळ्या वाहते. तिला चालण्याचा उपदेश कुणी करू नये. तिला विसावा हवा.

बाकीच्यांनी आषाढाची वाट कशाला पाहावी? रोज देवळापासून वेशीपर्यंत जावे, वाटेत एकट्या बसलेल्याला हाक मारावी. गुडघा दुखत असेल तर डॉक्टरांना विचारून, काठी घेऊन. काठीची लाज कसली? आम्हीही घेतो.