वसंतातील परतीचे प्रवासी आणि पायातील कडी

थंडीच्या प्रारंभी परदेशी पाखरांचे थवे आपल्या जलाशयांवर उतरतात, तेव्हा त्यांची वार्ता सर्वत्र होते. वृत्तपत्रांतून छायाचित्रे येतात, शाळांच्या सहली निघतात. राज्यात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताहही पाळला जातो. परंतु हेच पाहुणे मार्च-एप्रिलमध्ये परतीच्या वाटेला लागतात, तेव्हा त्यांना निरोप देण्यास सहसा कोणी नसते. शाळांना परीक्षांची घाई असते, कार्यालयांत मार्चअखेरीची धावपळ चालू असते आणि ग्रामपंचायती पाणीटंचाईच्या चिंतेत असतात. वास्तविक पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्यास वसंतातील ही परतीची वाटचाल आगमनाइतकीच, किंबहुना अधिक, उद्बोधक ठरते.

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरचेच उदाहरण घेऊ. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ विसाव्या शतकाच्या प्रारंभी बंधारा बांधण्यात आला. सिंचनासाठी अडविलेल्या या पाण्यात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, उथळ दलदल निर्माण झाली, पाणकणीस व लव्हाळे माजले. अभियंत्याच्या दृष्टीने जी हानी, तीच पाखरांच्या पथ्यावर पडली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ होण्याचा मान या पाणथळीस लाभला.

येथे येणाऱ्यांची दृष्टी बहुधा बदकांवर, करकोच्यांवर खिळते. काठावरच्या लव्हाळ्यांत, उसाच्या फडांत आणि बाभळींत वावरणारी चिमुकली गाणारी पाखरे मात्र दुर्लक्षित राहतात. शेपटी सतत वरखाली हलविणारा पिवळा धोबी, गळ्यावर निळा-तांबूस पट्टा मिरविणारा शंकर, ज्वारीच्या रानांत उतरणारे काळ्या डोक्याचे भारीट, दिसण्याआधी ऐकू येणारा वटवट्या ही सारी हिवाळी पाहुणी मंडळी होत. यांतील काही वटवट्यांचे वजन आठ-दहा ग्रॅमहून अधिक नसते. एवढे पाखरू हिमालयाच्या खिंडी ओलांडून अथवा त्याला वळसा घालून मध्य आशिया वा सायबेरिया गाठते, यावर सहजासहजी विश्वास बसत नाही.

निघण्याची वेळ त्यांना कळते कशी? केवळ उष्मा वाढला म्हणून पाखरे उठून जात नाहीत. मुख्य संकेत दिवसाच्या लांबीचा असतो. डिसेंबरात आपल्याकडे सुमारे अकरा तासांचा दिवस असतो, तो मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात बारा तासांवर येतो व पुढे वाढत जातो. या बदलाने पाखराच्या शरीरातील ग्रंथी जागृत होतात, भूक वाढते आणि त्वचेखाली चरबी साठू लागते. काही जातींचे वजन प्रयाणापूर्वी निम्म्याने वाढते. ही चरबी हीच त्यांची शिदोरी. याच सुमारास धोब्यासारखे पक्षी नवी पिसे धारण करतात. हिवाळाभर मळकट दिसणारा पिवळा धोबी एप्रिलमध्ये एवढा उजळतो की, नवख्यास तो निराळाच पक्षी वाटावा. वटवट्यांसारखे बरेचसे गाणारे पक्षी रात्री प्रवास करतात. सूर्य, तारे व पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारे ते दिशा राखतात.

भोरड्यांची गोष्ट थोडी वेगळी. पळसमैना या नावानेही ओळखला जाणारा हा पक्षी दिवसा, मोठ्या थव्यांनी उडतो. तो पावसाळ्यातच येऊ लागतो आणि एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक थवे निघून जातात. म्हणजे वर्षातील अधिक काळ तो आपल्याकडेच राहतो. ज्वारीवर उतरणाऱ्या भोरड्यांना हाकण्यासाठी माळ्यावर चढून गोफण फिरविलेल्या शेतकऱ्याला त्याचे कौतुक नसणार, हे उघड आहे. पण हाच पक्षी पळस, पांगारा, सावरीच्या फुलांचे परागीभवन घडवितो आणि मध्य आशियातील आपल्या विणीच्या प्रदेशात टोळांचा फडशा पाडतो. चीनच्या शिंच्यांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना घरटी करता यावीत म्हणून दगडांचे ढीग मुद्दाम रचून देतात.

कडीची कथा

इथून उडालेले पाखरू तिथे पोहोचले, हे सिद्ध करण्याचा सर्वांत जुना व सोपा मार्ग म्हणजे त्याच्या पायात क्रमांकाची कडी घालणे. याचे श्रेय एका शाळामास्तराकडे जाते. डेन्मार्कमधील व्हिबॉर्ग येथील शिक्षक हान्स मॉर्टेन्सन यांनी प्रथम जस्ताच्या कड्या करून पाहिल्या. त्या जड ठरल्या. मग १८९९ मध्ये त्यांनी ॲल्युमिनियमच्या हलक्या, क्रमांकित कड्या मैनेच्याच कुळातील स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत घातल्या आणि एका नव्या अभ्यासपद्धतीचा पाया घातला.

भारतात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ मध्ये धार संस्थानाच्या साहाय्याने हे कार्य आरंभिले. डॉ. सलीम अली यांनी जर्मनीतील वास्तव्यात हेल्गोलँड बेटावर हे तंत्र जवळून पाहिले होते. पण कामाला खरी गती मिळाली ती एका रोगाच्या निमित्ताने. १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात माकडे मरू लागली, माणसांनाही ताप येऊ लागला. क्यासनूर जंगल रोगाचा हा विषाणू रशियातील एका विषाणूशी मिळताजुळता असल्याने, स्थलांतरित पक्ष्यांच्या अंगावरील गोचिडांतून तो आला असावा, असा संशय निर्माण झाला. तो पुढे सिद्ध झाला नाही. परंतु त्या शोधापायी जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशभर हजारो पक्ष्यांना कड्या घालण्यात आल्या. भरतपूर येथे कडी घातलेली बदके सायबेरियात सापडली.

पाखरू पकडण्याचे काम नाजूक असते. पहाटेपूर्वी झुडपांच्या ओळीत बारीक धाग्यांची, जवळजवळ अदृश्य अशी जाळी उभारतात व ती वरचेवर तपासतात. ऊन चढले किंवा पाऊस आला की जाळी मिटवावी लागते. सापडलेला पक्षी कापडी पिशवीत ठेवून केंद्रावर आणतात. त्याची मान तर्जनी व मधल्या बोटात हलकेच धरून पंखाची व चोचीची लांबी मोजतात, वजन घेतात. पोटावरील पिसांवर फुंकर घातली की त्वचेखालील पिवळसर चरबी दिसते. तीवरून प्रयाण किती जवळ आले आहे, हे जाणकार ओळखतो. मग पायात कडी. तिचे वजन पाखराच्या वजनाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. हे हौशी माणसाचे काम नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये परवानगीवाचून पक्षी पकडणे हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही शुद्ध असो.

आता उपग्रहाशी जोडलेली यंत्रे आली असता कडीची गरज काय, असे कोणी विचारील. मोठ्या पक्ष्यांबाबत ही शंका रास्त आहे. परंतु आठ ग्रॅमच्या वटवट्याच्या पाठीवर असे यंत्र लादता येत नाही. त्याच्यासाठी अद्यापि कडीच उपयोगी पडते. अडचण एवढीच की, लहान पाखरांच्या शेकडो कड्यांपैकी एखादीचाच पुढे पत्ता लागतो. अशी कडी एखाद्या गावात सापडून उकिरड्यावर गेली, तर अनेकांचे श्रम वाया जातात.

कधी उलटही घडते. मे २०२३ मध्ये मुंबईत चेंबूर परिसरात पायांत कड्या असलेले एक कबुतर सापडले. पंखांवरील परकीय अक्षरांमुळे हेरगिरीचा संशय आला आणि ते सुमारे आठ महिने अडकून पडले. अखेर ते तैवानमधील शर्यतीचे कबुतर असल्याचे निष्पन्न झाले व जानेवारी २०२४ मध्ये त्याची सुटका झाली.

म्हणून कडी असलेला पक्षी आढळल्यास तलाठी, ग्रामसेवक अथवा शिक्षकांनी पुढीलप्रमाणे करावे. पक्षी जिवंत असेल तर कडी काढू नये. तिच्यावरील अक्षरे व क्रमांक जसेच्या तसे उतरवून घ्यावेत, शक्य तर छायाचित्र घ्यावे व त्यास सोडून द्यावे. जखमी असल्यास वन विभागास कळवावे. मृत असेल तर कडी जपून ठेवावी. तारीख, गाव व पक्षी कोणत्या अवस्थेत मिळाला, ही माहिती मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीस पाठवावी.

शाळांना करण्याजोगे एक काम असे आहे की, त्यास ना जाळे लागते ना परवानगी. गावच्या तळ्यावर धोबी शेवटचा केव्हा दिसला, भोरड्यांचा शेवटचा थवा केव्हा गेला, याची नोंद ठेवावी. पहिल्या दर्शनाची तारीख टिपणे सोपे असते. शेवटची तारीख मात्र ती उलटून गेल्यावरच कळते. त्यामुळे मार्चपासून एप्रिलअखेरपर्यंत रोज पाहावे लागते, आणि ‘आज दिसला नाही’ हेही वहीत लिहावे लागते.