ग्रामोद्योगाचा हिशेब : नफा, रोकड आणि बाजारपेठ

ग्रामीण भागात बचत गट, सहकारी संस्था आणि होतकरू तरुण यांच्या प्रयत्नांतून लहान लहान उद्योग उभे राहत असतात. पापड-मसाले, दुग्धजन्य पदार्थ, विटा, शिवणकाम असे त्यांचे स्वरूप विविध असते. उद्घाटन थाटात होते, पहिले काही महिने काम जोमाने चालते आणि पुढे एके दिवशी दाराला कुलूप लागते. अशा वेळी भांडवल कमी पडले किंवा गिऱ्हाईक मिळाले नाही, असे मोघम कारण सांगितले जाते. वास्तविक, व्यवसायाची चार-दोन मूलभूत सूत्रे वेळीच ध्यानी घेतली असती, तर यांपैकी कित्येक उद्योग तगले असते. कर्जप्रकरणाची छाननी करणारे अधिकारी, गाळा देण्याचा ठराव करणारे पंचायत सदस्य आणि मार्गदर्शनासाठी ज्यांच्याकडे लोक जातात ते शिक्षक या सर्वांना ही सूत्रे अवगत असणे अगत्याचे आहे.

व्यवस्थापन म्हणजे काय?

हेन्री फेयॉल या फ्रेंच खाण-अभियंत्याने १९१६ साली व्यवस्थापनाची पाच अंगे सांगितली : नियोजन, संघटन, आदेश, समन्वय आणि नियंत्रण. ही अंगे केवळ मोठ्या कारखान्यांपुरती आहेत, असा समज करून घेण्याचे कारण नाही. किती माल करावयाचा हे आधी ठरविणे, कामाची वाटणी करणे, कोणी काय करावे ते स्पष्ट सांगणे, खरेदी, उत्पादन व विक्री यांचा मेळ घालणे आणि ठरल्याप्रमाणे घडले की नाही हे तपासणे, ही कामे दहा जणींच्या गटालाही चुकत नाहीत. यांपैकी शेवटच्या अंगाची, म्हणजे नियंत्रणाची, सर्वाधिक हेळसांड होते. कारण नियंत्रणाचा पाया हिशेब हा असतो.

खर्चाचे दोन प्रकार

उदाहरणादाखल एक काल्पनिक पापड केंद्र घेऊ. जागेचे भाडे दरमहा २,००० रुपये, मदतनिसाचे वेतन ५,५०० रुपये, वीज व कर्जावरील व्याज १,५०० रुपये. याखेरीज ६०,००० रुपयांचे यंत्र पाच वर्षे चालेल असे धरल्यास दरमहा १,००० रुपये घसारा. ही एकूण रक्कम १०,००० रुपये होते. माल एक किलो होवो वा शेकडो किलो, हा खर्च टळत नाही. म्हणून यास स्थिर खर्च म्हणतात.

दुसरा प्रकार बदलत्या खर्चाचा. एका किलोस पीठ-मसाला १५० रुपये, लाटणावळ ५० रुपये, वेष्टन व वाहतूक २० रुपये, मिळून २२० रुपये. दुकानदारास माल २६० रुपये किलोने दिला, तर प्रत्येक किलोमागे ४० रुपये उरतात. हे ४० रुपये म्हणजे निव्वळ नफा नव्हे. त्यांतून प्रथम स्थिर खर्च भागवावयाचा असतो. १०,००० भागिले ४० म्हणजे २५० किलो. महिन्याला २५० किलो विक्री झाली की ना नफा ना तोटा, त्यापुढील प्रत्येक किलोमागे ४० रुपये नफा. ४०० किलो विक्री झाल्यास नफा ६,००० रुपये होईल.

आता समजा, स्पर्धेला भिऊन केंद्राने किलोमागे २० रुपये सूट दिली. ही सूट आठ टक्क्यांहूनही कमी आहे. परंतु किलोमागे उरणारी रक्कम ४० वरून २० वर येते आणि ना नफा ना तोटा बिंदू २५० वरून ५०० किलोंवर जातो. म्हणजे पूर्वी नफ्यात असलेली ४०० किलोंची विक्री आता २,००० रुपये तोट्याची ठरते. भाव उतरविण्यापूर्वी हा भागाकार करणे किती आवश्यक आहे, हे यावरून ध्यानात यावे.

नफा आहे, पण पैसा नाही

नफा आणि हातातील रोकड या दोन भिन्न गोष्टी आहेत. उपरोक्त केंद्र २६० रुपये भावानेच ४०० किलो माल विकते. परंतु दुकानदार दोन महिन्यांच्या उधारीवर पैसे देतात, असे धरू. पीठ, मसाला आणि लाटणावळ मात्र रोखीने द्यावी लागते. महिन्याचा बदलता खर्च ८८,००० रुपये आणि घसारा वगळता स्थिर खर्च ९,००० रुपये, एकूण ९७,००० रुपये. पहिली वसुली हाती येण्यापूर्वी दोन महिन्यांत १,९४,००० रुपये बाहेर गेलेले असतात. नफा-तोटा पत्रकात १२,००० रुपये नफा दिसत असतो आणि पेटीत पिठासाठीही पैसे नसतात.

ही दरी भरून काढणारी रक्कम म्हणजे खेळते भांडवल. यंत्रासाठी कर्ज मिळविताना या भांडवलाची तरतूद करण्याचे राहून जाते आणि तेथेच उद्योगाचा घात होतो. विशेष म्हणजे, विक्री दुप्पट झाली की अडचण कमी न होता वाढते : ८०० किलोंसाठी तीच रक्कम ३,७०,००० रुपयांवर जाते. उलटपक्षी, उधारी एक महिन्यावर आणल्यास मूळची गरज निम्मी होते. म्हणून वसुली हे विक्रीनंतरचे दुय्यम काम नसून विक्रीचाच भाग होय.

कायद्यानेही येथे आधार दिला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे लेखी करारानेही ४५ दिवसांपलीकडे लांबविता येत नाही. विलंब झाल्यास खरेदीदारास चक्रवाढ व्याज द्यावे लागते. मात्र त्यासाठी उद्योगाची रीतसर नोंदणी आणि प्रत्येक व्यवहाराचे बिल असावयास हवे.

विक्री आणि पणन

तयार झालेला माल खपविणे म्हणजे विक्री. कोणास काय हवे, याचा शोध घेऊन त्याप्रमाणे माल तयार करणे येथपासून पणनाचा आरंभ होतो. वस्तू, किंमत, वितरण आणि प्रसिद्धी ही पणनाची चार अंगे मानली जातात. यांत वस्तूचा दर्जा सर्वप्रथम येतो. प्रसिद्धीने गिऱ्हाईक एकदा येते. पुन्हा येते ते दर्जामुळे.

मुंबईच्या ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ या संस्थेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. पावसाळ्यात पापड वाळत नसल्याने सुरुवातीस काम बंद ठेवावे लागले. पुढे खाट व शेगडी यांच्या साह्याने वाळविण्याची सोय करण्यात आली. वर्षभर काम चालावे यासाठी केलेली ही अल्पखर्चाची योजना म्हणजे उत्पादन-नियोजनाचा उत्तम नमुना होय. पीठ एकाच ठिकाणी मळून भगिनींना देणे, त्यांनी घरी लाटून दुसऱ्या दिवशी पापड आणून देणे आणि ते तपासून लाटणावळ चुकती करणे, अशी पद्धत संस्थेने बसविली. त्यामुळे काम घरोघरी विखुरलेले असूनही चव आणि दर्जा एकसारखा राहिला. संस्थेच्या भगिनी केवळ मजूर नसून मालकही आहेत. १९६६ साली खादी व ग्रामोद्योग आयोगाने संस्थेस मान्यता दिली, तर संस्थापक भगिनींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

नफ्याचे काय करावे?

हाती आलेला सर्व नफा वाटून टाकणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाणे होय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा राखीव निधीत टाकण्याची तरतूद आहे, ती याच हेतूने. कायदा ज्यांना लागू नाही अशा गटांनीही हा दंडक स्वेच्छेने पाळावा. घसाऱ्यापोटी धरलेली रक्कमही वेगळ्या खात्यात ठेवावी. अन्यथा पाच वर्षांनी यंत्र थांबेल, त्या वेळी नवे कर्ज काढण्यावाचून गत्यंतर राहणार नाही.

यास्तव, उद्योगाचा प्रस्ताव समोर येईल तेव्हा पुढील पाच प्रश्न अवश्य विचारावेत. दरमहा स्थिर खर्च किती? एका नगामागे किंवा किलोमागे काय उरते? किती विक्रीला खर्च भागतो आणि तेवढे गिऱ्हाईक प्रत्यक्षात आहे काय? उधारी किती दिवसांची आणि तोवरचा पैसा कोठून येणार? रोजकीर्द कोण लिहिणार? या प्रश्नांची उत्तरे एका पानावर मावतात. शाळेतील वरच्या वर्गांतील विद्यार्थीही गावातील एखाद्या उद्योगाचा असा हिशेब गणिताच्या तासाला मांडू शकतील. ज्या उद्योगापाशी हे एक पान तयार आहे, त्यास कर्ज देताना बँकेला आणि गाळा देताना पंचायतीला निर्णय घेणे सोपे जाईल. आणि जेथे उत्तरे जुळत नाहीत, तेथे दहा कुटुंबांच्या डोक्यावर कर्ज चढण्यापूर्वीच योजनेत दुरुस्ती करता येईल.